काळी पडलेली चांदी आणि पोकळ मूठ : एका जुन्या सेफ्टी रेझरचं प्रकरण

रेझर डबीतून बाहेर काढल्यावर सगळ्यात आधी नजर गेली ती मुठीवरच्या एका काळ्या पट्ट्यावर. बाकीची मूठ करडी, पिवळट, जागोजागी डागाळलेली. हा पट्टा मात्र काजळासारखा काळा, दोन्ही कडा सरळ, रुंदी जेमतेम तीन मिलिमीटर. तिन्ही भाग एकत्र राहावेत म्हणून कुणीतरी कधीतरी त्याला रबरबँड गुंडाळला होता. रबर सुकून, तुटून केव्हाच गळून पडलं असणार. पण रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक मिसळलेलं असतं, ते चांदीत उतरलं आणि आपला ठसा ठेवून गेलं.

या पट्ट्यानं मला पहिल्याच मिनिटाला एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. रेझरवर मुलामा निकेलचा नव्हता, चांदीचा होता. निकेल जुनं झालं की मंद होतं, पिवळट झाक येते. गंधकानं असं काळंकुट्ट होत नाही. जुना रेझर हातात आल्यावर बहुतेक जण 'हा कशानं घासू?' असं विचारतात. त्याआधी 'माझ्या हातात कुठला धातू आहे?' हे विचारायला हवं. सोन्याचा पातळ मुलामा असलेल्या रेझरला चांदीची रीत लावली तर सोनं कापडावर येतं. ॲल्युमिनियमच्या मुठीला सोड्याचं गरम पाणी लावलं तर मूठच खराब होते.

रेझरचे मालक सत्तरीच्या पुढचे. वस्तू त्यांच्या वडिलांची. त्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या. रेझर आरशासारखा चमकला पाहिजे, आणि त्याच रेझरनं त्यांना एकदा तरी दाढी करायची होती. या दोन्ही मागण्या एकमेकींच्या आड येऊ शकतात, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते काम अर्ध्यावर आल्यावरच नीट उमगलं.

वस्तू काय होती

तीन भागांचा जिलेट. वरची टोपी, तिच्याखाली दातांची फणी, आणि नक्षीदार मूठ. टोपीच्या मधोमध आट्यांचा खुंट, दोन बाजूंना दोन छोट्या खुंट्या. ब्लेड या तीन खुंट्यांत बसवायचं, वर फणी घालायची आणि मूठ फिरवून आवळायची. या रचनेतली खरी कल्पकता ब्लेडमध्ये आहे. पत्र्यासारखं पातळ पोलाद एरवी लवतं, थरथरतं. पण टोपी आणि फणीच्या मध्ये दाबून त्याला बाक दिला की ते ताठ होतं. जाड, घडीव पात्याची गरजच उरली नाही. किंग कॅम्प जिलेट यांची कल्पना आणि विल्यम निकरसन या अभियंत्यानं बसवलेली घडणीची पद्धत, या दोन्हींतून ही वस्तू उभी राहिली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा ९०,८८४ वर गेला.

फणीवर पेटंटची तारीख कोरलेली होती : १५ नोव्हेंबर १९०४. मालकांनी ती वाचून ठेवली होती आणि घरात सगळ्यांना 'हा १९०४ सालचा रेझर' असं सांगितलं होतं. मला त्यांना थोडं निराश करावं लागलं. ती तारीख पेटंट मिळाल्याची, वस्तू घडवल्याची नव्हे. तीच तारीख पुढे बरीच वर्षं ठोकली जात होती. अनुक्रमांक असता तर काळ जवळपास ठरवता आला असता, पण इथे त्या जागेवर किटण आणि झीज यांखेरीज काही दिसत नव्हतं. टोपीच्या आकारावरून मात्र एक वरची मर्यादा घालता येत होती. १९३० साली कंपनीनं टोपी आणि ब्लेड दोन्हींचे कोपरे कापले; जुन्या टोप्यांचे कोपरे पडल्यावर वाकायचे आणि मग ब्लेडवर वेडावाकडा दाब पडायचा, ही तक्रार त्यातून सुटली. या टोपीचे चारही कोपरे भरीव होते, म्हणजे घडण त्या बदलाच्या आधीची. आजचं कोपरे कापलेलं ब्लेड या जुन्या रेझरमध्ये बसतं, हे मालकांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. दाढीची आशा जिवंत राहिली.

चार रंगांचे डाग

भिंगाखाली रेझर ठेवला आणि तासभर नुसता पाहिला. हा तास मी कधीच वाचवत नाही. या रेझरवर चार वेगळ्या रंगांचे डाग होते आणि चारांची चार कारणं होती. एकाच डब्यातल्या पॉलिशनं चारही घालवायला गेलं तर तीन ठिकाणी नुकसान ठरलेलं.

पांढुरका, मेणचट थर सगळीकडे होता, मुठीच्या नक्षीत तर गच्च बसलेला. जड पाण्यातला चुना आणि साबण यांच्या संयोगानं हा साका बनतो. तो पाण्यात विरघळत नाही म्हणून वर्षानुवर्षं साठत जातो. या थराखाली धातूला फारसं काही झालेलं नसतं. उलट काही ठिकाणी त्यानं चांदी झाकून सांभाळलेली असते.

तांबूस तपकिरी डाग फणीच्या आतल्या बाजूला, बरोबर ब्लेडच्या आकाराचे. रेझर ठेवून देताना ब्लेड आतच राहिलं होतं. ते जुन्या साध्या पोलादाचं. गंज न धरणारी ब्लेडं सरसकट वापरात आली ती १९६० च्या दशकात. ओलाव्यात चांदी आणि पितळ यांच्या संगतीला लोखंड आलं की झिजायची पाळी लोखंडावर येते, आणि ती भराभर येते. ब्लेडचा भुगा झाला होता. त्याचा गंज चांदीवर बसला होता, पण चांदीला खाऊन नव्हे. हा डाग दिसायला सगळ्यात भयानक आणि प्रत्यक्षात सगळ्यात निरुपद्रवी.

हिरवे ठिपके टोपीच्या कडांवर आणि दातांच्या टोकांवर. तिथे मुलामा झिजून खालचं पितळ उघडं पडलं होतं आणि ते कळकलं होतं. मालकांना त्या कडांची पिवळी झाक पाहून वाटलं होतं की चांदीखाली सोनं असावं. सोनं हिरवं पडत नाही, एवढं सांगितल्यावर तो प्रश्न मिटला.

चौथा रंग काळा. चांदीचा.

याखेरीज एक पाचवी खूण होती, पण तिला डाग म्हणवत नाही. मुठीचं खालचं टोक, साधारण एक सेंटिमीटर, गुलाबी झालं होतं. तिथे ना चांदी होती, ना पितळेचा पिवळा रंग. विचारल्यावर कळलं की पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी 'जुनं पितळ व्हिनेगरनं लख्ख होतं' असं कुठेतरी वाचून रेझर एका वाटीत उभा करून रात्रभर ठेवला होता. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात पहिल्यांदा जस्त निघून जातं आणि पृष्ठभागावर उरतं ते तांबं. ते जस्त परत घालता येत नाही. मी पुतण्याला दोष देत नाही. त्यानं ते प्रेमानंच केलं होतं. पण अशा जागा मी दर दुसऱ्या-तिसऱ्या रेझरवर पाहतो आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटते.

काळं म्हणजे घाण नव्हे

मालकांशी सगळ्यात जास्त बोलणं या एका मुद्द्यावर झालं. त्यांचं म्हणणं साधं होतं : काळं आहे ते घासून काढा.

चांदी काळी पडते म्हणजे तिच्यावर बाहेरून काही चिकटतं असं नाही. हवेतला, रबरातला, लोकरीतला गंधक चांदीशी संयोग पावतो आणि चांदीचा सल्फाइड तयार होतो. तो काळा थर म्हणजे चांदीच आहे, रूप बदललेली. तो घासून काढला की त्यातली चांदी कापडावर जाते, कायमची. भरीव चांदीच्या वस्तूला हे परवडतं. मुलाम्याचा थर काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचा असतो, आणि या रेझरवर त्यातलाही बराच आधीच गेलेला होता. रबरबँडच्या काळ्या पट्ट्यात तर थराचा मोठा वाटा सल्फाइड होऊन बसला असणार. तिथे जोरात जिल्हई दिली असती तर काळ्या पट्ट्याच्या जागी पिवळा पट्टा उमटला असता.

हे ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे जे काढायचंय तेच वाचवायचंय." इतक्या थोडक्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

सुदैवानं काळ्या थरातली चांदी जागेवर परत आणता येते. गरम पाणी, खायचा सोडा आणि ॲल्युमिनियमची फॉइल. चांदी फॉइलला टेकलेली असली की ॲल्युमिनियम झिजतं आणि गंधक चांदीला सोडतो. पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणून खिडकी उघडी हवी. परत आलेली चांदी मात्र थोडी मंद, दुधट दिसते, कारण ती घट्ट, गुळगुळीत थरात न बसता बारीक कणांच्या रूपात बसते. तिला नंतर हलका ओप द्यावा लागतो.

कामाचा क्रम

आधी साका. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, अर्धा तास भिजत, मग लहान मुलांचा मऊ टूथब्रश. चार वेळा. पाणी उकळतं कधीच घेत नाही. जोडांवर, रंगावर, लाखेवर त्याचा काय परिणाम होईल हे प्रत्येक रेझरला वेगळं असतं आणि कोमट पाण्यानं फक्त वेळ जास्त लागतो. टोपीच्या आत चुन्याचा एक कठीण तुकडा उरला होता. त्याला अगदी सौम्य सायट्रिक आम्ल कापसाच्या काडीनं मिनिटभर लावलं आणि लगेच धुतलं. भाग आम्लात बुडवून ठेवणं वेगळं आणि एका ठिपक्याला मिनिटभर लावणं वेगळं.

ब्लेडचा गंज खनिज तेलाचा थेंब आणि टोकदार लाकडी काडीनं निघाला. लाकूड चांदीपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही. हिरव्या ठिपक्यांनाही तीच काडी, तेच तेल, भिंगाखाली, दोन संध्याकाळी. हिरवं काढायचं ते सोड्याच्या पाण्याच्या आधी. तांब्याचे क्षार त्या पाण्यात उतरले आणि फॉइलचं काम चालू असलं, तर तेच तांबं चांदीवर गुलाबी झाक होऊन बसू शकतं.

मग फॉइल. काचेच्या भांड्यात फॉइल अंथरली, लिटरभर गरम पाण्यात मोठा चमचाभर सोडा, टोपी आणि फणी फॉइलला टेकवून ठेवल्या. दोन मिनिटांनी बाहेर काढून पाहिल्या, पुन्हा दोन मिनिटं. काळं उतरताना डोळ्यांसमोर दिसतं. कितीही वेळा पाहिलं तरी मला ते पाहायला आवडतं.

ओप देण्यासाठी मी खडूची अतिबारीक, रासायनिक रीतीनं साका पाडून केलेली पूड वापरतो, शुद्ध पाण्यात कालवून, कापसाच्या काडीनं, एका दिशेनं. संग्रहालयांमध्ये चांदीच्या वस्तूंना हीच पूड वापरतात. टूथपेस्ट नको, त्यात सिलिका असते आणि ती चांदीपेक्षा कितीतरी कठीण. पितळ चमकवायचे तयार द्रव तर जुन्या रेझरपासून लांबच ठेवावेत, कारण त्यांतल्या अनेकांत अमोनिया असतो. अमोनियाबद्दल पुढे सांगतो, कारण याच प्रकरणात तो मुद्दा निघाला.

टोपी आणि फणी छान उतरल्या. आणि इथे माझ्याकडून चूक झाली.

अकरा दिवसांनी

मुठीची नक्षी फार बारीक. प्रत्येक खाचेत काडी फिरवायची म्हणजे आठवडा गेला असता. रबरबँडचा पट्टाही तिच्यावरच होता आणि तो घासायचा नाही असं ठरलं होतं. मी मूठ सोड्याच्या गरम पाण्यात आडवी ठेवली. सहा मिनिटांत पट्टा करड्यावर आला, दहा मिनिटांत जवळजवळ गेला. धुतली, पुसली, दिवसभर सुकू दिली. मालकांना फोटो पाठवला. त्यांचा आनंद पाहून मीही खूश होतो.

अकरा दिवसांनी मूठ हातात घेतली तर वरच्या गळ्याशी, कॉलरच्या म्हणजे वरच्या कड्याच्या खाली, केसासारखी बारीक हिरवी रेघ. मूठ स्वच्छ करताना तिथे काहीच नव्हतं. पुसली. चार दिवसांनी पुन्हा तिथेच.

भिंग घेतलं तेव्हा दिसलं. मुठीच्या लांबीत गेलेली चीर, साधारण सात मिलिमीटर. पहिल्या तपासणीत ती मला दिसली नव्हती कारण तेव्हा ती साबणाच्या साक्यानं बुजलेली होती. ही मूठ भरीव नसते. बाहेर पातळ पितळी नळी आणि आत आट्यांचा तुकडा, मध्ये पोकळी. मी साका काढून चिरेचं तोंड मोकळं केलं आणि लगेच ती मूठ गरम पाण्यात बुडवली. गरम पाण्यात नळीतली हवा प्रसरण पावली, बुडबुड्यांनी बाहेर गेली, आणि थंड होताना तिच्या जागी सोड्याचं पाणी आत ओढलं गेलं. बाहेरून मूठ कोरडी ठक्क, आतून ओली. ते पाणी हळूहळू चिरेतून झिरपत होतं आणि पितळेला कळकवत होतं.

तपासणी केली होती, काळजीपूर्वक केली होती, पण ती मळलेल्या वस्तूची केली होती. साका निघाल्यावर दुसऱ्यांदा भिंग धरायला हवं होतं, आणि ते मी केलं नाही. आता मी दोनदा पाहतो : एकदा मळ असताना, एकदा मळ गेल्यावर, आणि दुसरी तपासणी झाल्याशिवाय कुठलाही भाग बुडवत नाही. मुठीवरच्या पट्ट्यासाठी तेव्हाही दुसरा मार्ग होता. सोड्याच्या दाट पाण्यात भिजवलेला कापूस फक्त पट्ट्यावर गुंडाळायचा, त्यावरून फॉइल घालायची, तिची एक कड शेजारच्या उघड्या चांदीला टेकवायची. तीच क्रिया, तेवढ्याच जागेत. वेळ जास्त लागतो, पण पोकळीत काही जात नाही.

मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चीर तुम्ही पाडलेली नाही ना? मग काळजी कशाची, सावकाश करा." त्यांनी रागावायला हवं होतं असं मला वाटत होतं.

पोकळी धुवायला चार दिवस गेले. कोमट शुद्ध पाण्यात मूठ तासभर, हलवून, पाणी बदलून, पुन्हा. बाहेर निघालेल्या पाण्यात प्रत्येक वेळी पीएचची पट्टी बुडवून पाहिली. सोड्याचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. पट्टीचा रंग शुद्ध पाण्यासारखा व्हायला नऊ पाणी लागली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा, म्हणजे आत उरलेलं पाणी त्यात मिसळून बाहेर यावं. मग वाळवणं. आत कोरडं झालं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तराजू वापरला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. उबदार, हवेशीर जागेत ठेवून रोज वजन. पहिल्या दिवशी ०.२१ ग्रॅम उतरलं, दुसऱ्या दिवशी ०.०४, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी आकडा हलला नाही. तेव्हा कुठे सुकली असं म्हटलं. पोकळ मूठ असलेल्या कुठल्याही रेझरला ही वजनाची रीत लावून पाहावी. अंदाजानं 'सुकली असेल' म्हणण्यात मी फसलो होतो.

चिरेचं काय

चीर बुजवावी का? डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून, जोडता येते, पण त्या आचेनं आसपासचा मुलामा जळतो आणि चीर ज्या ताणामुळे पडली तो ताण दुसरीकडे सरकतो. मी ती तशीच ठेवली.

पितळ नळीच्या आकारात ओढताना त्यात ताण कोंडला जातो. अशा ताणलेल्या पितळेला अमोनिया आणि ओलावा मिळाले की ते बाहेरून धडधाकट दिसता दिसता चिरतं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला हा अनुभव काडतुसांनी दिला. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली पितळी काडतुसं फुटायची, कारण घोड्यांच्या मुतातून हवेत अमोनिया जायचा. त्याचा उलगडा १९२१ साली झाला. काडतूस आणि रेझरची मूठ, दोन्ही पातळ पितळेच्या ओढलेल्या नळ्या. म्हणून अमोनिया असलेलं पॉलिश मी पितळी रेझरला लावत नाही, आणि आधीच चीर असलेल्या मुठीला तर ते जवळही नेत नाही.

चिरेच्या दोन्ही टोकांचा मिलिमीटरच्या पट्टीसह फोटो काढून ठेवला. ती वाढते का हे पाहायचा तोच एक खात्रीचा मार्ग.

दात

हा भाग सोपा निघेल असं वाटलं होतं. फणीच्या एका बाजूचे दोन दात खाली वाकले होते आणि एक ब्लेडच्या दिशेनं वर. खाली गेलेला दात त्वचेला फारसा त्रास देत नाही, तिथला आधार तेवढा कमी होतो. वर आलेला दात धोक्याचा : तिथे फट बुजते आणि शेजारच्या दातांपाशी धार जास्त उघडी पडते.

थंड पितळ वाकवलं की ते कडक होतं. एकदा वाकलेलं एकदाच सरळ करता येतं असं धरून चालावं. दुसऱ्या झटक्याला दात हातात येतो. पक्कड वापरली तर चांदीवर दातऱ्या उमटतात. मी कठीण लाकडाच्या पट्टीला दाताच्या जाडीची खाच पाडली, ती दातावर चढवली आणि इतक्या हळू दाब दिला की हालचाल जाणवलीच नाही. मध्ये मध्ये ब्लेड बसवून, उजेडासमोर धरून, धारेखालची फट पाहिली. वरचा दात रांगेत आला. खालच्या दोनांपैकी एक आला. दुसऱ्याच्या बुडाशी भिंगाखाली मुलाम्याला सुरकुती दिसली, म्हणजे पितळ तिथे आधीच दमलेलं. तो मी सोडून दिला. रांगेत एक दात अर्धा मिलिमीटर खाली आहे. आजही आहे.

आरशासारखा

शेवटी प्रश्न उरला तो मालकांच्या पहिल्या मागणीचा. टोपीच्या कडांना पितळ दिसतं, मुठीचं टोक गुलाबी आहे, पट्ट्याची जागा तिरप्या उजेडात किंचित मंद दिसते. पुन्हा चांदी चढवून घ्यायची का?

मी बाजू दोन्ही मांडल्या. नव्यानं मुलामा दिला तर रेझर खरोखर नव्यासारखा दिसेल, आणि उघडं पितळ झाकलं जाईल. पण मुलामा चांगला बसायचा तर आधी जुना काढावा लागतो आणि पृष्ठभाग चाकावर घासून गुळगुळीत करावा लागतो. त्या घासण्यात नक्षीची धार मरते आणि फणीवरची पेटंटची बारीक अक्षरं, जी अजून वाचता येतात, ती पुसट होतात. मुलाम्याच्या कुंडात मूठ बुडवायची म्हणजे चिरेतून तिथली रसायनं आत जाणार. सोड्याच्या पाण्यानं जे केलं ते त्यापुढे काहीच नाही. ज्या रेझरच्या मुलाम्यात काहीच उरलेलं नाही, मूठ भरीव आहे आणि जो रोज वापरायचा आहे, त्याला मी नवा मुलामा आनंदानं सुचवतो. या रेझरला नाही.

त्यांनी टोपी हातात घेतली, कडेच्या पिवळ्या जागेवर अंगठा ठेवला. तो बरोबर तिथे बसला. ब्लेड बदलताना टोपी धरायची ती जागा. त्यांच्या वडिलांचा अंगठा वर्षानुवर्षं तिथेच पडत असणार. "राहू द्या," ते म्हणाले. मुलाम्याचा विषय तिथेच संपला.

दाढी आणि नंतर

वापराआधी तिन्ही भाग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवले. इतक्या वर्षांच्या दुसऱ्याच्या वस्तूला हे हवंच, मग ती घरातलीच असो. ७० टक्के मुद्दाम. त्यातलं पाणी जंतूंच्या आत शिरायला मदत करतं, त्याहून तीव्र अल्कोहोल त्या कामात कमी पडतं. मूठ त्यानंतर पुन्हा तराजूवर गेली.

दोन अटी घातल्या. मूठ दोन बोटांनी आवळायची, जोर लावायचा नाही. आणि दाढी झाली की ब्लेड बाहेर, तिन्ही भाग सुटे, कापडावर. मेणाचा हात मी दिला नाही. शोभेच्या वस्तूला तो चांगला, साबण-पाण्यात जाणाऱ्या वस्तूवर टिकत नाही.

त्यांनी ब्लेड बसवलं, मूठ आवळली आणि मग अगदी थोडी उलट फिरवली. मी विचारलं का, तर म्हणाले, "वडील असंच करायचे. मला वाटायचं त्यांना सवय आहे." ती सवय नव्हती. या जुन्या रेझरमध्ये मूठ थोडी सैल केली की ब्लेडचा बाक कमी होतो आणि धार जास्त उघडी पडते; दाट दाढीला ते हवं असतं, आणि रेझर वापरायची ती एक ठरलेली रीतच होती. मी त्यांना पहिल्या दिवशी पूर्ण आवळूनच करायला सांगितलं. फणी मोकळी असल्यामुळे साबण दातांमधून सरळ ब्लेडपर्यंत जातो. त्यांनी रेझर गालावरून एकदा नेला, थांबले, आवाज ऐकला आणि पुन्हा नेला. खाली असलेल्या दाताचं त्यांना काहीच जाणवलं नाही.

आठ महिन्यांनी रेझर पुन्हा माझ्याकडे आला, ठरल्याप्रमाणे. चिरेचा फोटो शेजारी ठेवून मोजलं : सात मिलिमीटर, तेवढीच. हिरवी रेघ परत आलेली नाही. टोपीच्या कडांचं पितळ तपकिरी पडलंय, ते तसंच ठेवलं. तो थर खालच्या पितळेला थोडं सांभाळतो. चांदीवर फिकट पिवळी झाक चढायला लागली होती, ती खडूच्या पुडीनं पाच मिनिटांत गेली. रेझर आला होता एका सुती पिशवीत, तिन्ही भाग सुटे, प्रत्येक भाग वेगळ्या कापडात गुंडाळलेला. पिशवीचं तोंड दोऱ्यानं बांधलेलं होतं.